गाडीवरचे गोल ओरखडे : ते 'जातात' म्हणजे नेमके काय होते?



आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण आपल्या सगळ्यांच्या दारातला आहे. कर्ज काढून, हप्ते भरून आपण गाडी घेतो. पहिल्या वर्षी ती आरशासारखी चमकते. मग एखाद्या सकाळी ऊन बॉनेटवर तिरपे पडते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. काळी, निळी, मरून गाडी असेल तर विचारायलाच नको. लगेच कोणीतरी सांगतो, "टूथपेस्ट लावा, जाईल." दुसरा म्हणतो, "दर दिवाळीला रबिंग-पॉलिश मारून घ्या, नव्यासारखी होते." तिसरा सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मामांना बोल लावून मोकळा होतो.

हे ओरखडे म्हणजे काय, ते कशाने येतात, आणि ते काढताना गाडीचे नेमके काय होते, हे आज आपण समजून घेणार आहोत. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'प्रकाशाचे परावर्तन' हा पाठ आहे. त्याला जोडून हा विषय वर्गातही छान घेता येतो. शेवटी उपक्रम दिले आहेत, ते मुलांकडून जरूर करून घ्या.

गोल दिसतात, पण गोल नसतात

आधी घरातलेच एक उदाहरण घेऊ. रोज घासले जाणारे स्टीलचे ताट घ्या. खोलीत एकच दिवा लावा आणि त्याचे प्रतिबिंब ताटात बघा. प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळे दिसतील. आता ताट न हलवता आपले डोके थोडे बाजूला न्या. वर्तुळेही तुमच्याबरोबर सरकली! ताटावर खरोखरच वर्तुळे कोरलेली असती तर ती जागची हलली नसती.

मग हे होते कसे? ताटावर ओरखडे सगळ्याच दिशांना असतात. उभे, आडवे, तिरपे. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक नाली. तिच्या उतरत्या कडा प्रकाश ठराविक दिशांनाच परत पाठवतात. दिव्याच्या प्रतिबिंबाकडे तोंड करून असलेले ओरखडे आपल्या डोळ्याला दिसत नाहीत. जे प्रतिबिंबाला वळसा घालून आडवे असतात, त्यांचाच प्रकाश आपल्याकडे येतो. अशा आडव्या तुकड्यांची मिळून आपल्याला वर्तुळे भासतात.

गाडीच्या रंगावर हेच घडते. गुळगुळीत पृष्ठभागावरून नियमित परावर्तन होते, म्हणून समोरचे झाड, इमारत स्पष्ट दिसते. ओरखडे पडले की त्या जागी प्रकाश भलतीकडे विखुरतो, म्हणजे अनियमित परावर्तन होते. रंग तोच असतो, पण तो धुरकट, म्हातारा दिसायला लागतो.

सावलीत किंवा ढगाळ दिवशी ओरखडे दिसत नाहीत, कारण तेव्हा प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो. दिव्यासारखा एकच तेजस्वी बिंदू असला की ते उठून दिसतात. गडद रंगावर ते जास्त दिसतात, कारण काळ्या फळ्यावर पांढरी रेघ उठून दिसते तसाच हा प्रकार आहे. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तेवढेच असतात, फक्त लपून राहतात.

गॅरेजवाले याला 'स्वर्ल मार्क' म्हणतात. आपण सोयीसाठी 'गोल ओरखडे' म्हणू.

रंगाची जाडी किती? चला मोजूया

आता या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा पाहू. शाळेत झेरॉक्सच्या कागदांचे ५०० पानांचे रीम असते. पट्टी लावून त्याची जाडी मोजा. ती साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटर भरेल. ५० ला ५०० ने भागा. एका कागदाची जाडी आली ०.१ मिलिमीटर. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. म्हणजे एक कागद झाला सुमारे १०० मायक्रॉन.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर जो रंग असतो, त्याचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. नाशिकरोडच्या आपल्या मुलांना हे अजून सोप्या भाषेत सांगता येईल. १९२८ पासून आपल्या इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. गाडीचा सगळा रंग मिळून जेमतेम एका नोटेच्या जाडीएवढा असतो!

त्या एवढ्याशा जाडीत किती थर असतात ते बघा. पत्र्यापासून वर येऊ.

१. सगळ्यात खाली गंजविरोधक थर. यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने रंग पत्र्याला चिकटवतात.

२. त्यावर प्रायमर. बहुतेक वेळा राखाडी किंवा पांढरा. हा पृष्ठभाग सपाट करतो.

३. त्यावर खरा रंग, ज्याला बेस कोट म्हणतात. लाल, निळा, चंदेरी जो काही असेल तो. हा थर फार पातळ, साधारण १५ मायक्रॉनच्या आसपास असतो.

४. सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. साधारण ३५ ते ५० मायक्रॉन.

गाडीची चमक देतो तो हा चौथा थर. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करतो तोही हाच. आणि आपले गोल ओरखडे असतात तेही याच थरात. म्हणजे अर्ध्या नोटेपेक्षाही कमी जाडीत हा सगळा खेळ चाललेला असतो.

सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात किंवा सातपूर-अंबडच्या एखाद्या पेंट शॉपमध्ये काम करणारे पालक तुमच्या वर्गात नक्की असतील. त्यांना एकदा वर्गात बोलवा. हे थर कसे चढतात ते त्यांच्या तोंडून ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

ओरखडा 'जातो' कुठे?

आता मुख्य मुद्दा. नीट लक्ष द्या.

अंघोळीच्या साबणाची नवी वडी घ्या. तिच्यावर नखाने एक रेघ ओढा. आता ती रेघ घालवायची आहे. काय कराल? हात ओला करून वडी घासाल. थोड्या वेळाने रेघ नाहीशी होईल. पण रेघ कशाने भरली का? नाही. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा साबण झिजला, म्हणून रेघ दिसेनाशी झाली. वडी मात्र तेवढी पातळ झाली.

गाडीचे पॉलिश अगदी असेच काम करते. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड म्हणजे अतिशय बारीक कण असलेली पेस्ट. ते कण क्लिअर कोट हळूहळू झिजवतात आणि पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खाली जाते.

म्हणून लक्षात ठेवायची एकच गोष्ट: प्रत्येक पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच्या शिल्लकीतून केलेला खर्च आहे, आणि या खात्यात पुन्हा भरणा करता येत नाही.

हलके पॉलिश फार कमी थर काढते. मशीनवर जाड कंपाउंड मारले तर काही मायक्रॉन सहज जातात. नव्या गाडीला एखाद-दुसऱ्या वेळी हे परवडते. पण "दर दिवाळीला रबिंग" हा नेम धरला तर पाच-सहा वर्षांत क्लिअर कोट इतका पातळ होऊ शकतो की उन्हाने तो पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडलेल्या गाड्या तुम्ही रस्त्यावर पाहिल्या असतील. तिथे हा वरचा थर संपलेला असतो. त्यावर मग कोणतेही पॉलिश चालत नाही. भाग पुन्हा रंगवावाच लागतो, आणि त्याचा खर्च पॉलिशच्या कितीतरी पट असतो.

ओरखडे येतात कुठून?

क्लिअर कोट हा एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. धूळ मात्र दगडाची असते. खनिजांची कठीणता मोजायला मोहज् मापनश्रेणी वापरतात. तिच्यात १ म्हणजे शंखजिरे, १० म्हणजे हिरा. आपले नख साधारण २.५ वर येते. वाळूतले क्वार्ट्झ ७ वर आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडातली, म्हणजे बेसॉल्टमधली मुख्य खनिजे ५ ते ६ च्या घरात आहेत. या सगळ्यापुढे क्लिअर कोट अगदीच मऊ.

नाशिकरोडला धुळीचे प्रकारही बरेच. रस्त्याच्या कामांची खडी आणि कच, बांधकामाची वाळू. जवळच एकलहऱ्याचे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असते, म्हणजे तीही कठीणच. शिवाय रेल्वेमार्गाजवळ गाडी रोज उभी राहत असेल, तर चाकांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगावर बसतात.

ही धूळ गाडीवर नुसती पडून असते तोवर फारसे बिघडत नाही. बिघडते ती पुसल्यावर. कोरडा फडका फिरवला की फडका आणि रंग यांच्यामध्ये धुळीचा कण सापडतो आणि फडका जाईल तिकडे तो रेघ ओढत जातो. म्हणजे धूळ झाली पेन्सिल आणि आपण झालो हात!

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या मामांचा विचार करा. तासाभरात त्यांना दहा-पंधरा गाड्या करायच्या असतात. एक बादली, एक फडका. थंडीत दव पडलेले असते, त्यात धूळ भिजून चिखल झालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी मातकट होते, आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर आधीच्या गाडीची वाळू फिरते. यात त्यांचा दोष किती आणि आपण दिलेल्या साधनांचा किती, हे एकदा मनाशी विचारून बघा. मुलांच्या देखत त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा सोसायटीने दोन बादल्या, चार चांगले मायक्रोफायबर कापड आणि नळीची सोय करून दिली तर जास्त उपयोग होईल. तेही जमत नसेल तर "मामा, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदाच पाण्याने धुवा, पैसे तेवढेच देऊ" असे सांगून टाका. रोज कोरडी पुसलेली गाडी ही आठवडाभर धुळीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे.

अजून काही नेहमीची कारणे :

- धुळकट गाडीवर घातलेले कव्हर. वाऱ्याने ते हलत राहते आणि आतली धूळ घासत राहते.
- कपडे धुण्याची पावडर. ती नीट विरघळली नाही तर तिचे कण घासतात, आणि गाडीवरचे मेणही निघून जाते.
- दसऱ्याला बॉनेटवर बांधलेला हार. दोरा आणि तार वाऱ्यावर हलून घासतात. कुंकवाचे स्वस्तिक कोरड्या फडक्याने पुसू नये, पाणी ओतून सोडवावे. पूजा झाली की हार त्याच दिवशी काढून ठेवावा.
- धूळ असताना मुलांनी बोटाने काढलेली चित्रे आणि लिहिलेली नावे. पुढे गाडी धुतली तरी ऊन पडले की ती नावे वाचता येतात!

आधी पारख, मग उपचार

गाडी धुऊन, वाळवून सावलीत घ्या. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून ओरखडे बघा. मग या चाचण्या करा.

पाण्याची चाचणी. ओरखड्यावर थोडे पाणी टाका. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाण्याची शक्यता चांगली आहे. पाणी नालीत भरले की प्रकाशाचे विखुरणे कमी होते, म्हणून असे होते.

नखाची चाचणी. ओरखड्यावरून नख अलगद आडवे न्या. नख अडकले नाही तर ओरखडा उथळ आहे. अडकले तर तो खोल आहे. तो पूर्ण घालवायच्या नादात आजूबाजूचा क्लिअर कोट संपवू नका. त्याच्या कडा थोड्या मऊ करून तो कमी दिसेल एवढ्यावर थांबा.

रंगाची चाचणी. ओरखड्याच्या तळाशी पांढरे, राखाडी किंवा पत्र्याचे लोखंड दिसत असेल तर पॉलिशचा काही उपयोग नाही. तिथे टच-अप पेनने रंग भरावा लागेल. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याच्या आधी हे उरका, नाहीतर गंज धरेल.

कधी कधी जो ओरखडा वाटतो तो ओरखडा नसतोच. दुसऱ्या गाडीचा रंग किंवा भिंतीचा डिस्टेंपर आपल्या गाडीवर बसलेला असतो. हाताने हलके पॉलिश केले की तो निघून येतो.

जुनी फियाट, अॅम्बॅसेडर अशा गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसे. आजही काही गाड्यांच्या साध्या रंगात तो नसू शकतो. कुठेतरी कोपऱ्यात पॉलिश चोळून बघा. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही असे समजा आणि फार जपून काम करा. मॅट रंगाची गाडी असेल तर तिला पॉलिश अजिबात लावू नका, ती चमकायला लागेल आणि पुन्हा मॅट करता येणार नाही.

हाताने पॉलिश : क्रमवार कृती

साहित्य : दोन बादल्या, कार शॅम्पू, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, क्ले बार, फोमचा छोटा पॅड, बारीक फिनिशिंग पॉलिश, रंगावर वापरायची मास्किंग टेप, शेवटी लावायला मेण किंवा सीलंट.

१. धुणे. आधी नुसत्या पाण्याने सगळी धूळ वाहून जाऊ द्या. हात लावायचा नाही. मग एका बादलीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून वाळू सोडवा, मगच पुन्हा शॅम्पूत घाला. छतापासून खाली या. चाके आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी, तोही वेगळ्या कापडाने. हात गोल फिरवू नका, सरळ रेषेत चालवा. बोअरवेलचे पाणी असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग पडतात. कापड दाबून, टिपून पाणी काढा.

२. हात फिरवून तपासणे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून धुतलेल्या रंगावरून अलगद फिरवा. खरखर जाणवली तर धुऊनही न निघालेले कण रंगात रुतलेले आहेत. भरपूर शॅम्पूचे पाणी मारून क्ले बार हलक्या हाताने फिरवा. क्ले खाली जमिनीवर पडली तर ती टाकून द्या. "थोडीशीच माती लागली" म्हणून वापरलीत तर तीच पॉलिश पेपर होईल.

३. टेप लावणे. दाराच्या कडा, बॉनेटच्या धारदार रेषा, काळे प्लॅस्टिक, रबर यांवर टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि तिथेच घासणे जास्त होते.

४. नमुना चौकोन. एकदम सगळी गाडी करायला घेऊ नका. साधारण दीड फूट बाय दीड फूट एवढाच चौकोन घ्या. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारी हे काम करूच नका.

५. पॉलिश. फोम पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्या. मध्यम दाबाने आधी उभ्या, मग आडव्या रेषांत दहा-पंधरा फेऱ्या मारा. पॉलिश पारदर्शक व्हायला लागले की थांबा आणि स्वच्छ कापडाने पुसा.

६. खरी तपासणी. पॉलिशमध्ये तेल असते. ते नालीत भरून ओरखडे लपवते, म्हणजे पाण्याच्या चाचणीत झाले तेच इथे होते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समान घेऊन त्याने तो चौकोन पुसा. जागा मोकळी आणि हवेशीर असू द्या, जवळ आग किंवा सिगारेट नको. मग टॉर्चने बघा. आता जे दिसते ते खरे.

७. निर्णय. ओरखडे पुरेसे कमी झाले असतील तर हीच पद्धत सगळीकडे वापरा. नसतील तर एक पायरी वरचे, थोडे जाड पॉलिश घ्या आणि त्यानंतर पुन्हा बारीक पॉलिश करा. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य उपायाने करावी. डॉक्टर साध्या गोळीने ताप उतरत असेल तर इंजेक्शन देत नाहीत, तसेच हे.

८. मेण किंवा सीलंट. शेवटी पातळ थर लावून पुसा. मेणाने ओरखडे जात नाहीत, पण पृष्ठभाग निसरडा होतो आणि धूळ सहज धुतली जाते.

हाताने केल्यावर शंभर टक्के ओरखडे जातील अशी अपेक्षा ठेवू नका. निम्म्याहून कमी झाले तरी गाडी बघणाऱ्याला फरक कळतो, आणि क्लिअर कोट वाचतो तो वेगळाच.

टूथपेस्टचे काय?

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे कण असतात. म्हणजे ती घासते, हे खरे. म्हणूनच "लावली आणि गेला" असा अनुभव काहींना येतो. पण तिचे कण दातांच्या हिशेबाने बनवलेले असतात, रंगाच्या नाही. त्या जागी धुरकट चट्टा राहू शकतो, आणि तो काढायला शेवटी पॉलिशच लागते. खोबरेल तेल लावल्यावर ओरखडा दिसेनासा होतो, तो फक्त पुढची धुलाई होईपर्यंत.

दुकानात करून घ्यायचे असेल तर हे विचारा

सगळ्यांना हाताने करायला वेळ नसतो. दुकानात जाणे चुकीचे नाही. फक्त पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा.

- रंगाची जाडी मोजायचे मीटर आहे का? हे मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरीही एखादा भाग आधी जास्त घासला गेला आहे किंवा पुन्हा रंगवला आहे हे त्यावरून कळते.
- कोणते मशीन वापरता? रोटरी मशीन एकाच केंद्राभोवती फिरते, लवकर तापते आणि नवख्या हातात कडेचा रंग जाळते. ड्युअल अॅक्शन मशीनचा पॅड फिरताना डुलतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. ते जास्त सुरक्षित.
- आधी एका चौकोनावर करून दाखवाल का?
- अल्कोहोलने पुसून उन्हात दाखवाल का? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कोणतीही गाडी छान दिसते.
- सिरॅमिक कोटिंगच्या आधी ओरखडे काढणार आहात का? कोटिंग स्वतः ओरखडे काढत नाही. ओरखड्यांवरच ते लावले तर ओरखडे त्याच्याखाली तसेच राहतात.

जो कारागीर "हा ओरखडा पूर्ण जाणार नाही, कमी करून देतो" असे आधीच सांगतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. तो तुमचा क्लिअर कोट वाचवतो आहे.

वर्गात आणि घरी करायचे उपक्रम

१. दोन झाकणे. जुन्या सीडीची दोन पारदर्शक झाकणे घ्या. दोन्हींवर मैदानातली बारीक माती भुरभुरा. एक कोरड्या फडक्याने पुसा. दुसरे आधी नळाखाली धरा, मग ओल्या मऊ कापडाने टिपा. दोन्ही उन्हात धरून तुलना करा.

२. साबणाची वडी. रेघ घालवण्याआधी आणि नंतर वडीचे वजन करा. ओलावा पूर्ण वाळू द्या, नाहीतर वजन चुकेल.

३. स्टीलचे ताट. प्रतिबिंबाभोवतीची वर्तुळे डोके हलवून बघा आणि आकृती काढा.

४. गणित. समजा एका गाडीचा क्लिअर कोट ४० मायक्रॉन आहे आणि ३० मायक्रॉनच्या खाली जायचे नाही असे ठरवले आहे. जाड कंपाउंडने एका वेळी ४ मायक्रॉन जातात, हलक्या पॉलिशने १ मायक्रॉन जातो असे धरा. प्रत्येक उपाय जास्तीत जास्त किती वेळा करता येईल? दर दिवाळीला कंपाउंड मारले तर ही शिल्लक किती वर्षे पुरेल?

५. चर्चा. "स्वच्छता म्हणजे रोज पुसणे" हे वाक्य नेहमी खरे असते का? गाडी, चष्मा, मोबाइलची काच आणि वर्गातला फळा यांची उदाहरणे घेऊन बोला.

चौथ्या उपक्रमाचे उत्तर मुलांनाच काढू द्या. दोनच दिवाळ्यांत शिल्लक संपते हे त्यांना स्वतः कळले, की घरी बाबांना ती समजावून सांगतील. आपण सांगितलेले बाबा ऐकतील की नाही माहीत नाही, पण मुलांचे नक्की ऐकतील!

तुमच्या वर्गात झाकणांचा प्रयोग कसा झाला ते नक्की कळवा. आणि येत्या रविवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा फडका हातात घेण्याआधी पाण्याची नळी हातात घ्या.